टाळेबंदीचें वैराग्य

आमच्याकडील जुन्या लोकांनीं क्षणिक वैराग्याचे तीन प्रकार सांगितले आहेत: पुराणवैराग्य, प्रसूतिवैराग्य आणि स्मशानवैराग्य. पुराण ऐकून घरीं निघालेल्याला देवळाचा कळस दृष्टीआड होईपर्यंत संसार मिथ्या वाटतो. प्रसूतीच्या वेदना सोसणारी स्त्री पुनः हें नको म्हणते, आणि मूल कुशींत येतांच तें विसरून जाते. चिता पेटलेली पाहणारा मनुष्य देहाची नश्वरता मनांत घोकीत नदीवर स्नान करतो, आणि घरीं येऊन वाटणीच्या कागदांची चौकशी करूं लागतो. हीं वैराग्यें खोटीं आहेत असें जुन्यांनीं म्हटलेलें नाहीं; तीं अल्पायुषी आहेत, एवढेंच त्यांचें म्हणणें. २०२० सालीं या तिहींत एका चवथ्या प्रकाराची भर पडली. त्यास टाळेबंदीचें वैराग्य असें नांव देण्यास हरकत नाहीं.

त्या वर्षीं २२ मार्च रोजीं एक दिवसाचा जनता कर्फ्यू झाला, आणि २५ तारखेपासून सबंध देशाला २१ दिवस घरांत बसण्याची आज्ञा झाली. ते एकवीस दिवस वाढत वाढत मे महिन्याच्या अखेरीस जाऊन भिडले. आणि पुढें जूनपासून निर्बंध कधीं सैल तर कधीं पुनः घट्ट होत २०२२ च्या गुढीपाडव्याच्या सुमारापर्यंत रेंगाळले. टाळेबंदी हा शब्द आम्हांला नवा नव्हता. गिरणीचा मालक मजुरांना बाहेर ठेवून दाराला कुलूप लावी, त्यास टाळेबंदी म्हणत असत. या वेळीं कुलूप उलट्या बाजूनें लागलें. मनुष्य आंत राहिला आणि काम बाहेर राहिलें.

त्या दिवसांत आम्हां मध्यमवर्गीयांनीं मनाशीं काय काय ठरविलें नाहीं? खिडकीबाहेर वाहनांचा आवाज थांबून पक्ष्यांचे आवाज ऐकूं येऊं लागले, तेव्हां आम्हीं म्हटलें, आपण इतकीं वर्षें उगाच धांवत होतों. भांडीं घासतांना कंबर दुखली, तेव्हां म्हटलें, हीं कामें करणाऱ्यांची किंमत आपणांला आजवर कळली नव्हती. लग्नाला पन्नास आणि अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा पडली, तेव्हां म्हटलें, एका परीनें बरें झालें, आतां डामडौल कायमचा गेला. एकट्या राहणाऱ्या शेजारच्या वृद्ध गृहस्थांच्या दाराशीं डबा ठेवतांना म्हटलें, शेजारधर्म म्हणजे काय हें आज समजलें. वर्तमानपत्रांतून, व्याख्यानांतून आणि दूरध्वनीवरील संभाषणांतून एकच वाक्य फिरत होतें: आतां जग पूर्वीसारखें राहणार नाहीं.

जग पूर्वीसारखें राहिलें काय? राहिलें नाहीं, असें उत्तर देतां येतें, आणि अगदीं राहिलें, असेंहि देतां येतें. या दोन उत्तरांची फोड केली असतां जें हातीं लागतें, तोच या लेखाचा विषय आहे.

जें बदललें तें आधीं पाहूं. भाजीवाल्याच्या हातगाडीवर आज चौकोनी चिन्हाचा पुठ्ठा टांगलेला असतो, आणि सुट्या पैशांवरून होणारी हुज्जत जवळजवळ संपली आहे. कचेरीचें काम घरून करण्याची सवलत मागतांना पूर्वीं संकोच वाटे. ती आतां पुष्कळ धंद्यांत रूढ झाली. परगांवच्या सभेला न जातां पडद्यावर हजेरी लावणें असभ्यपणाचें राहिलें नाहीं. किराणा दाराशीं येऊं लागला, आणि वैद्याचा सल्ला घरबसल्या मिळूं लागला. या यादींतील गोष्टी नीट न्याहाळल्या तर त्यांत एक साम्य दिसतें. त्या सर्व सोयी आहेत. सोय टिकण्यासाठीं कोणाच्या स्मरणाची वाट पाहत नाहीं. ती आपला सांभाळ आपणच करते.

आतां जें बदललें नाहीं तें पाहूं. लग्नें पुनः हजार-हजार पानांचीं झालीं. वाहनांचा आवाज पूर्ववत् झाला. दोन महिन्यांत पोळ्या लाटावयास शिकलेले पुरुष पोळपाटाकडे पुनः फारसे फिरकले नाहींत. ज्यांच्या दाराशीं आम्ही डबा ठेवीत होतों त्या गृहस्थांची प्रकृति कशी आहे, हें आतां जिन्यांत गांठ पडली तरच विचारलें जातें. थोडक्यांत सांगावयाचें तर, जो बदल आमच्या पदरांत कांहीं टाकीत होता तो राहिला. जो आमच्या पदरचें कांहीं मागत होता तो गेला.

यावरून एक सरळ निष्कर्ष काढतां येतो, आणि पुष्कळांनीं तो काढलाहि आहे: मनुष्य मूळचाच स्वार्थी, भीति होती तोंवर तो साधु झाला, भीति गेली आणि तो होता तसा झाला. हा निष्कर्ष मला मान्य नाहीं. वाढपी न आल्यामुळें पंगतींत उपाशी बसलेल्या मनुष्याला उपवासाचें पुण्य लागत नाहीं, हें खरें; कायद्यानें घरांत बसविलेल्या मनुष्याच्या साधेपणालाहि सद्गुण म्हणतां येणार नाहीं. परंतु शेजाऱ्याच्या दाराशीं डबा ठेवा असें कोणत्याहि कायद्यानें सांगितलें नव्हतें. रस्त्यानें चालत निघालेल्या अनोळखी माणसांना पाणी आणि भाकरी देणाऱ्या गांवकऱ्यांना कोणीं आज्ञा केली नव्हती. उलट बाहेर पडण्यांत त्यांना दंडाचें आणि रोगाचें, दोन्हीं भय होतीं. ती भावना खरी होती. प्रश्न असा आहे कीं, खरी भावना टिकत कां नाहीं?

मला वाटतें, भावनेकडे आपण भलतेंच काम सोंपवितों. पावसाचें पाणी खरें असतें म्हणून तें उन्हाळ्यापर्यंत आपोआप थांबत नाहीं; बंधारा घातला तर थांबतें, न घातला तर वाहून जातें. पाण्याला कृतघ्न म्हणणें व्यर्थ आहे. पाऊस पडत असतां बंधारा कां घातला नाहीं, हें आपण आपणांस विचारावयास पाहिजे.

पूर्वींच्या दोन सांथींचा इतिहास या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत गांठीचा ताप दिसला, आणि डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय वैद्यांनीं तो प्लेग आहे हें ओळखलें. लौकरच तो पुण्यांत शिरला. १८९७ च्या फेब्रुवारींत सांथीच्या रोगांचा कायदा झाला. पुण्यांत घरांची झडती, रोग्यांना इस्पितळांत आणि निरोग्यांना छावणींत नेणें, यांमुळें लोकांत जो क्षोभ माजला त्याची परिणति २२ जून १८९७ च्या रात्रीं रँडसाहेबांवर झालेल्या गोळीबारांत झाली, हें शाळेंतील मुलांनाहि ठाऊक असतें. त्याच वर्षीं १० मार्च रोजीं सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करतां करतां त्याच रोगानें वारल्या, हेंहि तितकेंच ध्यानांत ठेवावयास पाहिजे.

पण प्लेग ओसरल्यावर काय राहिलें? १८९८ सालीं मुंबईंत इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. कोंदट वस्तींत हवा खेळली पाहिजे या विचारानें त्यानें रुंद रस्ते काढले. प्रिन्सेस स्ट्रीट, मोहमद अली रोड हे त्यांतलेच. दादर-माटुंग्याकडे त्यानें आंखीव वसाहती वसविल्या. आज माटुंग्याच्या झाडांखालून संध्याकाळीं फिरावयास जाणाऱ्याच्या मनांत प्लेग नसतो; परंतु तो ज्या रस्त्यावरून चालतो तो रस्ता प्लेगची आठवण ठेवून आहे. मनुष्य विसरला, दगड-मातीनें लक्षांत ठेवलें. कायद्याचेंहि तसेंच. १८९७ चा तोच कायदा १२३ वर्षांनंतर, २०२० च्या मार्चमध्यें, पुनः हातीं घेण्यांत आला.

येथें एक गोष्ट लपवून चालणार नाहीं. त्याच ट्रस्टानें मजुरांच्या कोंदट चाळी पाडल्या, आणि पाडण्याच्या वेगानें नव्या बांधल्या नाहींत. ज्यांच्या खोल्या गेल्या ते शेजारच्या चाळींत शिरले, आणि तेथील दाटी वाढली. व्यवस्था स्मरण ठेवते खरी. पण ती कोणाचें स्मरण ठेवते, हें ती बांधणाऱ्याच्या मनांत कोण होतें यावर अवलंबून असतें. हवा कोणाला मिळावी हें ठरलें. छप्पर कोणाचें जातें हें कोणीं पुरतें पाहिलें नाहीं.

दुसरी सांथ १९१८ च्या इन्फ्लुएंझाची. ती त्या वर्षीं जूनमध्यें मुंबईंत उतरली आणि पावसाळा संपतां संपतां देशभर पसरली. हिंदुस्थानांत त्या सांथीनें घेतलेल्या बळींचा अंदाज एक कोटी वीस लाखांपासून दोन कोटींपर्यंत केला जातो. १९११ ते १९२१ या दशकांत देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजीं घटली, यावरून त्या संहाराची कल्पना येईल. परंतु प्लेगनें जसे रस्ते मागें ठेवले तसें त्या सांथीनें मागें काय ठेवलें? जुन्या माणसांच्या तोंडचा मानमोडी हा शब्द, आणि कांहीं घराण्यांच्या वंशावळींत एकाच महिन्यांतील तीन-चार मृत्यु. त्या काळचीं माणसें आपल्याहून कठोर नव्हतीं. तींहि रडलीं असतील. पण तें रडणें कोठें बांधून ठेवलें गेलें नाहीं, म्हणून तें ओसरलें.

यावर कोणी म्हणेल, ओसरलें तें बरेंच झालें. विस्मरण हें निसर्गानें दिलेलें औषध आहे. दर खोकल्याला दचकणारा, दर पाहुण्याकडे संशयानें पाहणारा मनुष्य जगत नाहीं, नुसता टिकून राहतो. महाराष्ट्रांतील शाळा दीड वर्ष बंद राहून ४ ऑक्टोबर २०२१ रोजीं पुष्कळ ठिकाणीं उघडल्या, तेव्हां मुलांनीं तोंडावरच्या पट्ट्या गळ्यांत ओढून एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकले. त्यांना आवरतांना शिक्षकांचेंहि मन घट्ट होईना. तीं मुलें विसरलीं हेंच योग्य झालें. हा आक्षेप खोटा नाहीं, आणि त्याला उत्तर देण्यासाठीं विस्मरणाची निंदा करण्याचें कारण नाहीं. फक्त काय विसरावें आणि काय विसरूं नये, यांत भेद केला पाहिजे. भय विसरावें, तें विसरल्याशिवाय मनुष्य दुसऱ्याच्या जवळ जाऊं शकत नाहीं. दुःखहि काळानें बोथट व्हावें. परंतु ऋण ही वस्तु निराळी आहे.

मनुष्य देव, ऋषि आणि पितर या तिघांचें ऋण घेऊन जन्मास येतो, असें आपल्याकडे मानलें आहे. महाभारतांत तर मनुष्यांचें ऋण हें चवथें सांगितलें आहे. ही ऋणाची कल्पना मला दयेच्या कल्पनेहून अधिक भक्कम वाटते. दया मनाला वाटावी लागते; ती आज वाटेल, उद्यां वाटणार नाहीं. ऋणाला मनाच्या लहरीशीं कर्तव्य नसतें. सावकाराची आठवण झाली नाहीं म्हणून कर्ज फिटत नाहीं. टाळेबंदींत आम्हांला जें वाटलें त्याला आम्हीं दया हें नांव दिलें, येथेंच चूक झाली. तें वस्तुतः ऋण होतें, आणि ऋण म्हणून तें वहींत मांडावयास पाहिजे होतें.

८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोंपी गेलेले सोळा मजूर मालगाडीखालीं सांपडून मेले. ते जालन्याच्या पोलादाच्या कारखान्यांत कामाला होते. मध्य प्रदेशांतील आपल्या गांवीं जाणारी गाडी मिळेल या आशेनें ते भुसावळच्या वाटेला लागले होते. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या पोळ्यांचें छायाचित्र दुसऱ्या दिवशीं घरोघर पाहण्यांत आलें, आणि पुष्कळांच्या घशाखालीं त्या दिवशीं घांस उतरला नाहीं. तो खरा शोक होता. पण आंतरराज्य स्थलांतरित मजुरांसाठीं एक कायदा १९७९ सालींच झाला होता, आणि त्यांत मजुरांची नोंद ठेवण्याचें व त्यांना प्रवासभत्ता देण्याचें कलम होतें, हें त्या दिवशीं आपल्यापैकीं कितींना ठाऊक होतें? पुढें सप्टेंबरांत संसदेंत प्रश्न विचारला गेला, तेव्हां घरीं परततांना मरण पावलेल्या स्थलांतरित मजुरांची आंकडेवारी ठेवलेली नाहीं, असें सरकारी उत्तर आलें. वहींत ज्याचें नांव नाहीं त्याचें देणें कोण लागणार? आमचा शोक आणि सरकारची वही यांच्यामध्यें कोणी पूल बांधला नाहीं, म्हणून शोक वाहून गेला आणि वही कोरी राहिली.

सरकारकडे बोट दाखवून लेख संपवितां आला असता. पण मग हा लेख लिहिण्याचें कारणच उरलें नसतें. म्हणून माझ्या घरच्या वहीचें एक पान येथें उघडतों.

आमच्याकडे धुण्याभांड्याला एक बाई चौदा वर्षें येत होत्या. मार्च २०२० मध्यें आमच्या इमारतीच्या फाटकावर बाहेरच्यांना मज्जाव झाला. मार्चचा पगार मीं पुरता दिला, एप्रिलचाहि दिला, आणि तो देतांना स्वतःविषयीं मला बरें वाटलें. मे महिन्याचा दिला तेव्हां तितकेंसें बरें वाटलें नाहीं. जूनमध्यें मनांत हिशोब सुरू झाला कीं, भांडीं तर आपणच घासतों. आणि जून व जुलैचा पगार मीं दिला नाहीं. बाईंनीं मागितला नाहीं. ऑगस्टांत त्या पुनः येऊं लागल्या, तेव्हां मीं दाराशीं हात धुण्याच्या औषधाची बाटली ठेवली होती, आणि त्यांच्या चहाचा पेला निराळा काढला होता. त्यांनीं तो पाहिला आणि सहज म्हणाल्या, "काका, रोग तर विमानानं आला म्हणतात. आमच्या वस्तीत कुठलं विमान उतरतंय?" त्यांच्या बोलण्यांत टोमणा नव्हता, हेंच मला अधिक लागलें. पुण्यांत ९ मार्च रोजीं सांपडलेले महाराष्ट्रांतील पहिले रोगी परदेशांतून परतलेले प्रवासी होते. रोग आमच्या बाजूनें आला होता, आणि बाटली मीं त्यांच्या बाजूला ठेवली होती.

तरी मीं त्या वेळीं कांहीं केलें नाहीं. पेला पुढें केव्हां तरी एक झाला, बाटली संपली ती पुनः आणली नाहीं, आणि आमच्या घरांत टाळेबंदी कायमची संपली, असें आम्हांला वाटलें. दोन वर्षांनीं जुने हिशोब चाळतांना ते दोन रिकामे रकाने दिसले. मीं दोन महिन्यांचे पैसे पाकिटांत घालून बाईंना दिले. त्यांनीं मोजले आणि विचारलें, "हे कसले?" मीं सांगितलें, "त्या वर्षीच्या जून-जुलैचे." त्या म्हणाल्या, "ते तर मी विसरूनबी गेले होते."

त्या खरोखर विसरल्या होत्या, कीं मला अवघडल्यासारखें होऊं नये म्हणून तसें म्हणाल्या, हें मला आजवर कळलें नाहीं. पण त्या एका वाक्यानें माझ्या मनांतील गोंधळ पुष्कळसा निवळला. विसरण्याचा अधिकार धनकोचा आहे; ऋणकोचा नाहीं. ज्याचें येणें आहे त्यानें विसरणें हा मोठेपणा. ज्याचें देणें आहे त्यानें विसरणें ही चोरी. टाळेबंदीनंतर आम्ही सर्वांनीं मिळून जें विसरलों, तें बहुतेक दुसऱ्याचें येणें होतें, आणि त्या विस्मरणाला आम्हीं जगरहाटी हें सभ्य नांव दिलें.

मीं पैसे दिले यांत फुशारकी मारण्यासारखें कांहीं नाहीं. त्या दोन महिन्यांत बाईंच्या घरीं चूल कशी पेटली, हें मीं तेव्हां विचारलें नाहीं, आणि आतां विचारण्याचें धैर्य होत नाहीं. दोन वर्षें उशिरानें दिलेल्या पैशांनीं त्या वेळची भूक भरून निघत नाहीं. मात्र त्यानंतर आम्हीं घरांत एक केलें. आठवड्याची एक सुटी, आजारपणांतील पगारी दिवस, आणि कोणत्याहि कारणानें काम बंद पडलें तरी चालूं राहावयाचा पगार, या तीन गोष्टी बाईंना विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवल्या. आमच्या घरांतून पहिली शंका आली ती अशी कीं, हें मनांत असलें म्हणजे पुरे, लिहावयास कशाला पाहिजे? पण जून २०२० मध्येंहि तें माझ्या मनांत होतेंच. तें कागदावर नव्हतें.

टाळेबंदीनंतर दैनंदिन जीवन कसें बदलावें, या प्रश्नाचें माझ्यापुरतें उत्तर इतकेंच आहे. सोयी आपोआप येतील आणि राहतील. त्यांची चिंता नको. भय जाईल, तें जाऊं द्यावें. परंतु संकटांत ज्यांच्या श्रमावर आपण तगलों त्यांच्याविषयीं जें जें वाटलें, तें वाटत आहे तोंवरच त्याचा कायदा, नियम, करार किंवा निदान वहींतली एक ओळ करून ठेवावी. आणि ती ओळ लिहितांना ज्याच्याविषयीं लिहावयाची त्याला समोर बसवावें, म्हणजे ट्रस्टाच्या रुंद रस्त्यासारखी ती दुसऱ्याच्या छपरावरून जाणार नाहीं.

वैराग्य ओसरणारच, स्मशानांतून मनुष्य घरीं येणारच, आणि त्यानें यावेंहि. मात्र सरणाचीं लांकडें ज्यानें उधार दिलीं त्याचे पैसे त्या दिवशींच चुकते करावे, अशी आमच्या वडिलांची शिकवण होती. दुसऱ्या दिवशीं मन थाऱ्यावर येतें आणि मग आपण घासाघीस करतों, असें ते म्हणत.